डोक्यावरून गेलं ते चीता हेलिकॉप्टरच होतं का? ओळखायचं कसं आणि त्याचे आकडे वाचायचे कसे

नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टरचं फारसं कौतुक नसतं, गांधीनगरला आर्मीचा एअरफील्ड आहे, तिथे 2003 पासून आर्मीच्या पायलट लोकांना ट्रेनिंग देणारी शाळा आहे, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, सगळे कॅट्स म्हणतात, त्यामुळे सकाळी चहा पिता पिता दोन-चार डोक्यावरून जाणारच. पण पाहुणे आले की गंमत होते, आवाज आला की सगळे गच्चीत, आणि मग प्रश्न सुरू, हे ओझरला बनतं ना, याला मिसाईल असतं का, हे किती स्पीडने जातं, आणि सगळ्यात आवडता, "एवढंसं हे, हे सियाचीनला काय जाणार?"

तर ओझरला एचएएल, म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी, आहे पण तिथे फायटर विमानांचं काम चालतं, हेलिकॉप्टरचं मुख्य घर बंगळुरू. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला तुमच्या गच्चीतून स्वतः काढता यावीत म्हणून हे लिहितोय. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालेल, कागद-पेन किंवा मोबाईलमधला कॅल्क्युलेटर मात्र लागेल.

आधी शेपटी बघा

बाकी काही बघायच्या आधी शेपटी. शेपटीतून पलीकडचं आभाळ दिसलं, म्हणजे मोबाईल टॉवरसारखा नुसता पाइपांचा सांगाडा दिसला, तर ते चीता. झालं, संपलं, आपल्याकडे अशी उघडी शेपटी चीता आणि त्याचंच इंजिन बदललेलं रूप चीतल सोडून दुसऱ्या कुठल्या चालू लष्करी हेलिकॉप्टरला नाही. पुढे काचेचा मोठा बुडबुडा, त्यात पायलटचे पायसुद्धा दिसतात, खाली चाकं नाहीत, दोन लांब स्किड, घसरगाडीला असतात तसे. आणि बुडबुड्याच्या मागे वरच्या बाजूला इंजिन उघडंच, त्याला झाकण नाही. पहिल्यांदा जवळून बघाल तर वाटेल अजून काम बाकी आहे याचं.

शेपटी भरीव आणि खाली तीन चाकं दिसली तर ते चेतक. हे दोघं भाऊच आहेत, दोघांचं मूळ फ्रान्समधलं, चेतक म्हणजे अलुएट 3 आणि चीता म्हणजे एसए 315बी लामा, दोघांत आर्टुस्ट जातीचं इंजिन, दोघांच्या वरच्या पंख्याला तीन पाती आणि पंख्याचा व्यास साधारण 11 मीटर. चेतकात सात माणसं बसतात, चीतामध्ये पाच. फरक असा की चीताची बॉडी आधीच्या अलुएट 2 ची, म्हणजे हलकी आणि सडपातळ, आणि तिच्यावर इंजिन आणि रोटर, म्हणजे वरचा पंखा, चढवलेत मोठ्या भावाचे. लुनावर बुलेटचं इंजिन बसवल्यासारखा प्रकार, फक्त इथे तो बरोबर जमलाय. आणि हे आपल्याच मागणीवरून झालं बरं का, 1968 च्या सुमाराला भारतीय सैन्याला हिमालयात, विरळ हवेत चालेल असं मशीन हवं होतं, फ्रेंचांनी ही जोडणी केली, 1969 च्या मार्चमध्ये ते पहिल्यांदा उडालं, मग एचएएलने लायसन्स घेऊन इथे बनवायला सुरुवात केली.

ध्रुव दिसलं तर गोंधळ होणार नाही, ते चांगलंच जाड आहे, दोन इंजिनं, चार पाती. त्यालाच नाकाखाली फिरती तोफ लागली की रुद्र. आणि दोन पायलट एकामागे एक बसलेले, अंग अरुंद, खाली चाकं, असं काही दिसलं तर ते "प्रचंड" नावाचं हल्ला करणारं हेलिकॉप्टर, ते वेगळंच जनावर आहे, त्याचा इथे विषय नाही.

आवाजावरून

गच्चीत पोचेपर्यंत हेलिकॉप्टर निघून जातं ही सगळ्यांची तक्रार, म्हणून कान तयार करा. चीता-चेतकच्या आवाजात दोन थर असतात, खालचा पात्यांचा फटफटाट आणि त्याच्या वर एक बारीक सलग किंकाळी, कुकरला शिट्टी व्हायच्या आधी जो सूंऽऽ आवाज चढत जातो तसा, फक्त हा चढत नाही, एकाच सुरात राहतो. कारण या इंजिनाचा शाफ्ट फिरतो मिनिटाला तेहतीस हजारांच्या वर आणि पायलट पॉवर वाढवो की कमी करो तो वेग जवळजवळ तोच राहतो. डोंगरात याचा मोठा फायदा, पॉवर मागितली की लगेच हजर, इंजिन आधी वेग पकडेल मग देईल अशी वाट बघावी लागत नाही. तोटा, पेट्रोलपंपवाल्याच्या भाषेत सांगायचं तर ॲव्हरेज देत नाही.

लांबी, अंतर, स्पीड

अंतर मोजायची सोपी युक्ती. हात सरळ पुढे ताणा, डोळ्यापासून मुठीपर्यंत साधारण 60 सेंटीमीटर भरतात. हातात पट्टी धरा आणि हेलिकॉप्टर आडवं दिसत असताना पट्टीवर ते किती लांब दिसतंय ते बघा. चीताची बॉडी सव्वादहा मीटर. पट्टीवर 1 सेंटीमीटर दिसलं तर ते 600 मीटरवर आहे, अर्धा सेंटीमीटर दिसलं तर 1200 मीटरवर. पट्टी धरून आभाळाकडे बघणारा माणूस बघून शेजारच्या काकू काय म्हणतात ते आपण मनावर घ्यायचं नाही.

स्पीडमध्ये मी स्वतः आपटलोय ते सांगतो. आमच्या पाण्याच्या टाकीपासून एका मोबाईल टॉवरपर्यंत मॅपवर अंतर मोजलं, 1.4 किलोमीटर. चीता टाकीच्या रेषेत आलं तेव्हा स्टॉपवॉच चालू, टॉवरच्या रेषेत गेलं तेव्हा बंद, 20 सेकंद, म्हणजे ताशी 252 किलोमीटर. मी खूश, ग्रुपवर टाकलं, आणि मग पुस्तकी आकडा बघितला तर चीताला 210 च्या वर जायची परवानगीच नाही, नेहमीचा स्पीड तर 190 च्या आसपास. चूक काय झाली, तर हेलिकॉप्टर टॉवरच्या बरंच अलीकडून गेलं होतं, त्यामुळे त्याने कापलेलं अंतर 1.4 पेक्षा कमी, मी मात्र पूर्ण धरलं. बरोबर पद्धत अशी की दोन माणसं दोन गच्च्यांवर हवीत. भाच्याला दुसऱ्या टोकाला उभा केला, फोन चालू ठेवला, बरोबर डोक्यावर आलं की "आलं" म्हणायचं, 31 सेकंद. 1400 मीटर भागिले 31, गुणिले 3.6, ताशी 163 च्या आसपास. हे पटण्यासारखं.

आणि ही वेळेची टिपणं, कुठून किती वाजता किती गेली, हे ऑनलाइन टाकत बसू नका. तो लष्करी एअरफील्ड आहे, भिंतीपाशी कॅमेरा घेऊन उभं राहणं, ड्रोन उडवणं हे तर अजिबात नाही, उगाच चौकशीला बसाल आणि चूक तुमचीच असेल. गच्चीत बसून वहीत लिहा. फोटोच हवे असतील तर एअर शो किंवा सैन्याची प्रदर्शनं लागतात, तिथे हौस भागवा, जवळ जायला मिळतं आणि बुडबुड्याच्या आत डोकावताही येतं.

आता आकडे, आणि त्यातलं कोडं

नेटवर चीताची माहिती काढली की एक ओळ सगळीकडे दिसते, सर्व्हिस सीलिंग, म्हणजे उडताना जास्तीत जास्त किती उंच जाता येतं, 5,400 मीटर किंवा 17,700 फूट. आणि दुसरीकडे वाचतो की सियाचीनच्या पोस्टवर, 20,000 फुटांच्या आसपास, हेच चीता सामान पोचवतं आणि आजारी जवान खाली आणतं. मग खरं काय? दोन्ही खरं. 5,400 चा आकडा आहे पूर्ण वजनाचा, म्हणजे 1,950 किलो भरलेलं असताना. वजन कमी केलं की ते आणखी वर जातं. हेलिकॉप्टरचा कुठलाही आकडा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे किती वजनावर? तो नसेल तर तो आकडा म्हणजे "फक्त पाच मिनिटं लागतील" असं सांगणारी फ्लॅटची जाहिरात.

सगळ्यात टोकाचं उदाहरण 1972 चं आहे. 21 जूनला झाँ बूले नावाच्या फ्रेंच टेस्ट पायलटने लामा 12,442 मीटरवर नेलं, एव्हरेस्ट खाली साडेतीन किलोमीटर राहिलं. नको ते सगळं काढून टाकलेलं, आत एकटा माणूस. वर गेल्यावर पॉवर कमी केली आणि इंजिन विझलं, परत चालू होईना, तेव्हा नुसत्या हवेवर पंखा फिरवत, यालाच ऑटोरोटेशन म्हणतात, तो तिथून थेट जमिनीपर्यंत उतरला. एका उड्डाणात दोन रेकॉर्ड, दुसरा नाइलाजाने.

वजनाचा हिशोब स्वतः करून बघा, किराणा यादीसारखाच आहे. रिकामं चीता साधारण 1,021 किलो. जास्तीत जास्त 1,950. मध्ये राहिले 929. दोन पायलट, कपडे-हेल्मेटसकट 170 धरा, उरले 759. टाकी फुल केली तर साधारण 575 लिटर इंधन, लिटरला 0.8 किलो, म्हणजे 460 किलो, उरले 299. तीन माणसं आणि त्यांच्या बॅगा, बस. हे समुद्रसपाटीजवळ.

आता वर चला. समजा वरच्या एखाद्या पोस्टवर त्या दिवशीच्या हवेत 1,370 किलोच्या वर उतरता येणार नाही असं गणित आलं, आकडा मी फक्त हिशोबासाठी धरतोय. 1,370 वजा 1,021, उरले 349. दोन पायलट काटेकोर धरून 160, उरले 189. इंधन जेमतेम तासाभराचं आणि थोडं जास्त, 200 लिटर, म्हणजे 160 किलो. उरले 29 किलो. एक रॉकेलचा जेरीकॅन आणि थोडी भाजी किंवा टपाल. एका फेरीत एक जेरीकॅन. मग परत खाली, परत वर. सियाचीनबद्दल लोक जेरीकॅन जेरीकॅन का करतात ते या वजाबाकीतून कळतं, नुसतं ऐकून कळत नाही. वर पोचल्यावरसुद्धा इंजिन बंद करायची सोय नाही, त्या थंडीत आणि विरळ हवेत परत चालू होईल की नाही कोण सांगणार, पंखा फिरता ठेवून काही सेकंदात सामान ओढून घेतात आणि हे निघतं.

उंची कागदावरची आणि उंची हवेची

हा भाग जरा नीट वाचा कारण उन्हाळ्यात नाशिकलासुद्धा लागू होतो. पात्यांना फूट-मीटर कळत नाहीत, त्यांना कळते हवेची घनता. उंची वाढली की हवा विरळ, आणि गरमी वाढली तरी हवा विरळच. म्हणून पायलट लोक एक खोटी उंची काढतात, डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा वागतेय कितव्या फुटावरच्यासारखी. अंदाजाचा नियम असा: समुद्रसपाटीला आदर्श तापमान 15 डिग्री, दर 1000 फुटांना 2 डिग्री कमी. आजचं तापमान त्या आदर्शापेक्षा जितकं जास्त, तितक्या डिग्रीला 120 ने गुणा आणि खऱ्या उंचीत मिळवा.

नाशिकरोड साधारण 1,950 फूट. आदर्श तापमान 11 डिग्री. मे महिन्यात दुपारी 40. फरक 29, गुणिले 120 झाले 3,480. मिळवले की 5,430. म्हणजे मे महिन्यात दुपारी गांधीनगरच्या धावपट्टीवर उभं असलेलं चीता हवेच्या हिशोबाने पाचगणी-महाबळेश्वरपेक्षाही वर उभं आहे. लेह घ्या, 10,680 फूट, आदर्श उणे 6, जुलैच्या दुपारी 25, फरक 31, गुणिले 120 झाले 3,720, मिळवून 14,400. हेलिकॉप्टरं डोंगरात पहाटे का उडवतात याचं एक मोठं कारण हे. दुसरं कारण वारा, दुपारी दऱ्यांमध्ये वारा उठतो.

या गरम-उंच हवेवर चीताचा उपाय काय, तर इंजिन मोठं घ्या आणि खाली असताना ते दाबून ठेवा. आर्टुस्ट 3बी मुळात 870 हॉर्सपॉवरचं, पण चीतामध्ये त्याला 550 च्या वर जाऊ देत नाहीत. वर जाल तसं इंजिनाचा दम कमी होत जातो, पण 870 मधून कमी होत होत 550 पर्यंत यायला बरीच उंची लागते, तोवर रोटरला हवे तेवढे 550 मिळत राहतात. पगारातले पैसे बाजूला ठेवून महिनाअखेर काढणारी गृहिणी असते ना, तेच.

आणखी एक जोडी बघायची असते, हॉवर सीलिंगचे दोन आकडे. हॉवर म्हणजे एका जागी अधांतरी थांबणं, पुढे जाण्यापेक्षा याला जास्त पॉवर लागते. पूर्ण वजनावर चीता जमिनीलगत 5,050 मीटरपर्यंत थांबू शकतं आणि मोकळ्या हवेत फक्त 4,600. जमिनीलगत असलं की पात्यांनी खाली ढकललेल्या हवेला पसरायला जागा नसते, एक गादी तयार होते, तिच्यावर थोडं फुकटात बसता येतं. ही गादी साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत, म्हणजे 11 मीटरपर्यंत, वर गेलं की संपली. कड्याच्या टोकावर केलेल्या हेलिपॅडवर याची खरी परीक्षा, पॅडवर गादी असते आणि कडा ओलांडला की एका क्षणात नसते. गच्चीतून हे दिसणार नाही, पण मैदानात कधी उतरताना बघायला मिळालं तर धूळ कधी उडायला लागते तिकडे लक्ष ठेवा, धुळीचा गोल तयार झाला की गादी सुरू झाली असं अंदाजाने धरा.

मग याचं काम काय

"याला मिसाईल असतं का" या प्रश्नाचं उत्तर, साध्या चीताला नसतं आणि ते त्याचं कामही नाही. लान्सर म्हणून शस्त्रं लावलेला एक प्रकार केला होता, दोन्ही बाजूंना मशीनगन आणि रॉकेटं, पण मूळ चीता म्हणजे सैन्याचा डोळा. टेहळणी करायची, निरोप आणि अधिकारी पोचवायचे, जखमी उचलायचे आणि तोफांचा मारा दुरुस्त करायचा. हे शेवटचं नाशिककरांना जवळचं, कारण शेजारीच देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, आणि आर्मी एव्हिएशनचं मूळच तोफखान्याच्या एअर ओपी, म्हणजे हवेतून मारा बघणाऱ्या, तुकड्यांत आहे, 1 नोव्हेंबर 1986 ला ते वेगळं दल झालं. तोफ डोंगराच्या अलीकडे, लक्ष्य पलीकडे, तोफवाल्याला काहीच दिसत नाही. हेलिकॉप्टरमधला निरीक्षक बघतो गोळा कुठे पडला आणि रेडिओवर सांगतो, दोनशे पुढे, शंभर डावीकडे. पुढचा गोळा जवळ, त्याच्या पुढचा बरोबर. पतंग काटताना गच्चीवरून खालच्याला ओरडून सांगतो ना, ढील दे, खेच, तसंच.

पण शत्रूला दिसता कामा नये, म्हणून स्काऊट, म्हणजे टेहळणीचं, हेलिकॉप्टर जितकं लहान आणि जितकं खाली तितकं चांगलं. अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये ओएच-6 नावाचं अंडाकृती छोटं हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांना घासत पाठवलं, वर कोब्रा हे हल्ला करणारं घिरट्या घालायचं, खालच्यावर गोळीबार झाला की शत्रू कुठे ते कळलं, मग वरचं तुटून पडायचं. खाली बसलेल्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. पुढे कायोवा वॉरियर नावाच्या टेहळणी हेलिकॉप्टरमध्ये त्यांनी कॅमेऱ्याचा गोळा पंख्याच्याही वर बसवला, म्हणजे अख्खं हेलिकॉप्टर झाडाआड आणि फक्त तो गोळा वर, पाण्यातल्या मगरीचे डोळे जसे. आपल्या चीताला असलं काही नाही, दुर्बीण, नकाशा आणि माणसाचा डोळा, वर ऑटोपायलटही नाही. कारगिलला 1999 मध्ये गुंजन सक्सेना आणि बाकीच्या पायलटांनी हीच मशीनं उडवली, जखमी आणले, टेहळणी केली.

म्हणून क्षमता बघताना दोनच गोष्टी शेजारी ठेवायच्या, त्या दिवशीच्या हवेत किती किलो उरतात आणि ते किती लपू शकतं. टॉप स्पीड तिसऱ्या नंबरवरसुद्धा येत नाही.

जाता जाता, वहीत एक पान कोरं ठेवा. चीता म्हातारं झालंय, डिझाइन साठच्या दशकातलं, अपघातही बरेच झालेत, आणि त्याच्या जागेसाठी एचएएलने लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर केलंय, एलयूएच, पहिलं उड्डाण 6 सप्टेंबर 2016, वजन सव्वातीन टनांच्या थोडं खाली, एकच शक्ती इंजिन, कॉकपिटमध्ये घड्याळांच्या जागी स्क्रीन. ओळखायला, खाली स्किड चीतासारखेच पण शेपटी भरीव, इंजिन झाकलेलं, अंग गुबगुबीत. भाच्याला मी सांगून ठेवलंय, स्किड आहेत, इंजिन एकच आहे आणि शेपटीतून आभाळ दिसत नाही असं काही गेलं तर आधी मला फोन कर, मग पट्टी काढ. गेल्या रविवारी केला होता फोन, धापा टाकत. शेपटी भरीव होती म्हणे. मी विचारलं चाकं किती होती, तर म्हणाला तीन.